कोटावरच्या लाल फुलामागे आहे एका कॅनेडियन डॉक्टरची कविता

दरवर्षी ११ नोव्हेंबर जवळ आला की कॅनडा आणि ब्रिटनमध्ये लोकांच्या कोटावर पॉपीचं लाल फूल दिसायला लागतं. युद्धात मेलेल्या सैनिकांची ही आठवण. ही प्रथा सुरू झाली एका कवितेमुळे. ती लिहिणारे होते लेफ्टनंट कर्नल जॉन मॅक्रे.

मॅक्रे यांचा जन्म १८७२ चा, ओंटारियोतल्या ग्वेल्फ गावचा. दम्याचा त्रास लहानपणापासूनच. टोरोंटोत डॉक्टर झाले, पण ओढा तोफखान्याकडे. १९०० मध्ये बोअर युद्धात तोफखान्यातून लढूनही आले. १९१४ ला महायुद्ध पेटलं तेव्हा वय होतं ४१. तरी पुन्हा भरती झाले.

एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. मॅक्रे तिथेच कालव्याच्या काठी जखमींवर उपचार करत होते. २ मे रोजी तोफगोळा पडून त्यांचा तरुण मित्र, लेफ्टनंट अ‍ॅलेक्सिस हेल्मर मारला गेला. पाद्री हजर नव्हता, म्हणून दफनाच्या वेळची प्रार्थना मॅक्रे यांनीच म्हटली. दुसऱ्या दिवशी १५ ओळींची कविता लिहिली, ‘इन फ्लँडर्स फील्ड्स’.

तोफांनी उकरलेल्या जमिनीत पॉपीचं बी जोमाने उगवतं, म्हणून थडग्यांभोवती ती लाल फुलं होती. तीच कवितेत आली. डिसेंबरमध्ये ‘पंच’ साप्ताहिकाने ती कवीचं नाव न देता छापली.

आज ही कविता शोकगीत म्हणून वाचली जाते. पण शेवटच्या कडव्यात मेलेले सैनिक जिवंतांना लढाई पुढे न्यायला सांगतात. त्यामुळे सैन्यभरतीसाठी आणि युद्धाचे रोखे विकण्यासाठीही ती वापरली गेली.

तोवर मॅक्रे यांची बदली फ्रान्समधल्या लष्करी हॉस्पिटलमध्ये झाली होती. तोफखाना सोडायची त्यांची इच्छा नव्हती. पुढची अडीच वर्षं आघाडीवरून येणारे जखमी त्यांच्यासमोर येत राहिले. २८ जानेवारी १९१८ ला न्यूमोनिया आणि मेंदूज्वराने ते गेले. वय ४५. अंत्ययात्रेत त्यांचा घोडा बॉनफायर रिकाम्या खोगिराने चालला, रिकिबीत मालकाचे बूट उलटे अडकवलेले.

युद्ध संपायला तेव्हा साडेनऊ महिने बाकी होते.

आणि हेल्मरचं थडगं? पुढच्या लढायांत ते नाहीसं झालं. ईप्रच्या मेनिन गेटवर ५४ हजारांहून जास्त बेपत्ता सैनिकांची नावं कोरलेली आहेत, त्यात भारतीय सैनिकही आहेत. हेल्मरचंही नाव तिथेच आहे.