कोळशाच्या खाणीतला उपदेशक : केर हार्डी

पंधरा ऑगस्ट ही तारीख आम्हां भारतीयांच्या मनावर कोरलेली आहे. याच तारखेला, परंतु 1856 साली, स्कॉटलंडच्या लॅनार्कशायर परगण्यात एका गरीब मोलकरणीच्या पोटी एक मूल जन्माला आले. त्याचे नाव जेम्स केर हार्डी. पुढे हाच मुलगा ब्रिटनच्या मजूर पक्षाचा एक प्रमुख संस्थापक झाला. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी त्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकात वाचले असेल. पण तो गावोगावी सुवार्ता सांगणारा एक साधा उपदेशकही होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून त्याच्या चरित्राकडे आपण या अंकी वळू या.

हार्डीचा सावत्र बाप जहाजाचा सुतार होता. 1866 च्या सुमारास ब्रिटनमध्ये मोठी आर्थिक मंदी आली. लंडनमधील एक नामांकित पेढी बुडाली, आणि ग्लासगोच्या क्लाइड नदीकाठी जहाजे बांधणाऱ्या मालकांनी कामगारांना टाळे लावून बाहेर ठेवले. बापाचे काम गेले, घरातली चीजवस्तू विकली गेली. दहा वर्षांचा हा पोर एका पाववाल्याकडे निरोप्याचे काम करून आठवड्याला साडेतीन शिलिंग आणी. घरात तेवढीच मिळकत. आई बाळंतपणाला टेकलेली, धाकटा भाऊ तापाने अंथरुणाला खिळलेला. त्याची शुश्रूषा करून मुलगा ऐन नववर्षाच्या दिवसांत कामावर थोडा उशिरा पोहोचला. मालकाची घरातली प्रार्थना चालू होती. ती संपेपर्यंत मुलाला दाराबाहेर पावसाने भिजलेल्या कपड्यांत उभे केले. मग आत बोलावून, भरल्या टेबलासमोर, त्याला कामावरून काढले आणि आठवड्याची मजुरीही कापून घेतली.

ही गोष्ट हार्डी जन्मभर विसरला नाही. आम्हांलाही ती सहज विसरता येत नाही. कारण त्या घरात प्रार्थना होत नव्हती असे नाही, प्रार्थना होत होती.

त्यानंतर तो कोळशाच्या खाणीत उतरला. भुयारात हवा खेळती राहावी म्हणून असलेली दारे उघडण्याचे व लावण्याचे काम त्याला मिळाले. अंधारात एकट्याने दहा तास बसायचे. हिवाळ्यात रविवार सोडून सूर्य दिसत नसे. शाळेचे तोंड त्याने जवळजवळ पाहिलेच नव्हते. वाचायला आईने शिकवले. पुढे रात्रीच्या शाळेत तो लिहायला शिकला, आणि खाणीत दिव्याच्या काजळीने काळ्या केलेल्या दगडी पाटीवर टाचणीने रेघा ओढून लघुलिपीही शिकला.

त्याचे आईबाप धर्म मानणारे नव्हते. तरी 1878 च्या सुमारास हार्डीने ख्रिस्ताचा स्वीकार केला व इव्हँजेलिकल युनियन या मंडळीत तो सामील झाला. दारूबंदीच्या चळवळीत तो आधीपासूनच होता. त्या कामातच त्याची लिली विल्सनशी ओळख झाली, आणि 1879 साली त्यांचा विवाह झाला. त्याच सुमारास मंदीमुळे खाणमालक मजुरी कमी करीत होते. हार्डी कामगारांच्या वतीने बोलू लागला, तेव्हा मालकांनी त्याला व त्याच्या भावांना कामावरून काढले, आणि त्या भागातील कोणत्याच खाणीत त्यांना काम मिळेना. मग तो एअरशायरमधील कम्नॉक येथे गेला, वर्तमानपत्रात लिहून पोट भरू लागला, आणि 1886 साली तेथील खाणकामगारांच्या संघटनेचा चिटणीस झाला. रविवारी उपदेश, इतर दिवशी संघटना, असा त्याचा क्रम होता. त्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी कामे नव्हती.

1888 साली तो मिड लॅनार्कमधून निवडणुकीला उभा राहिला व हरला. मते मिळाली अवघी 617. परंतु 1892 साली लंडनच्या वेस्ट हॅममधून तो पार्लमेंटात गेला. इतर सभासद काळा कोट आणि उंच टोपी घालीत, तेथे हा जाडाभरडा सूट आणि साधी टोपी घालून बसे. त्या वर्षांत पुन्हा मंदी होती. बेकारांचा प्रश्न त्याने इतक्या वेळा मांडला की लोक त्याला बेकारांचा सभासद म्हणू लागले. जून 1894 मध्ये वेल्समधील सिल्फिनिड येथे अल्बियन खाणीत स्फोट होऊन 290 माणसे मेली. त्याच दिवशी राजघराण्यात एक राजपुत्र जन्मला. पार्लमेंटात अभिनंदनाचा ठराव आला, तेव्हा मृतांच्या कुटुंबीयांविषयीचे दुःखही त्यात जोडावे अशी मागणी हार्डीने केली. ती मान्य झाली नाही. तेव्हा भर सभेत ओरडाआरडा चालू असता त्याने एकट्याने त्या ठरावाला विरोध केला. पुढच्या वर्षी तो निवडणूक हरला.

आता आम्ही ज्या प्रसंगाकडे मुख्यतः लक्ष वेधू इच्छितो तो 1899 सालचा आहे. ग्लासगोजवळ लॉर्ड ओव्हरटाउन यांचा रसायनांचा कारखाना होता. हे गृहस्थ मंडळीचे मोठे आधारस्तंभ. सुवार्ताकार्याला त्यांनी सढळ हाताने दान दिले होते, आणि रविवार पवित्र पाळावा असा आग्रह धरणाऱ्यांत त्यांचे नाव होते. त्यांच्या कारखान्यात मात्र माणसे दिवसाला बारा तास, आठवड्याचे सातही दिवस राबत. मजुरी तासाला तीन-चार पेनी. क्रोमच्या धुळीने कामगारांच्या नाकाचे पडदे झिजून भोके पडत. कामगारांनी संप केला, तेव्हा हार्डीने हे सारे आपल्या साप्ताहिकात व पत्रकांत छापले. काही पाळकांनी दात्याची बाजू घेतली. परंतु गोष्ट उजेडात आल्यावर रविवारचे काम कमी करावे लागले, आणि परिस्थितीत काही सुधारणा झाली.

हार्डीचा राग धर्मावर नव्हता. कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरड करते, हे याकोबाच्या पत्रात त्याने वाचले होते, आणि ते त्याने खरे मानले एवढेच.

1900 साली कामगार संघटना व समाजवादी मंडळी लंडनमध्ये एकत्र आली आणि पुढे मजूर पक्ष झालेल्या समितीची स्थापना झाली. त्याच वर्षी वेल्समधील मर्थरने हार्डीला निवडून दिले. 1901 साली टॅफ व्हेल खटल्यात संपाबद्दल रेल्वे कामगारांच्या संघटनेवर भरपाईची जबाबदारी टाकली गेली, आणि तिला 23,000 पौंड मोजावे लागले. संप करणेच अशक्य होऊ लागले. 1906 साली मजूर पक्षाचे 29 सभासद निवडून आले, हार्डी त्यांचा पहिला अध्यक्ष झाला, आणि त्याच वर्षी कायदा होऊन संघटनांना संरक्षण मिळाले. 1907 साली तो हिंदुस्थानात आला. बंगालमध्ये फिरून त्याने येथील लोकांच्या स्वराज्याच्या मागणीची बाजू घेतली, म्हणून इंग्लंडातील वर्तमानपत्रांनी त्याच्यावर आग पाखडली.

त्याला निर्दोष ठरवण्याची आमची इच्छा नाही. तो हट्टी होता, सहकाऱ्यांशी जुळवून घेणे त्याला जड जाई. तो सदा दौऱ्यावर असे, आणि लिलीने कम्नॉकला अपुऱ्या पैशांत मुले वाढवली. त्या बाईचे कष्ट या चरित्रात मोजले पाहिजेत.

1914 साली महायुद्ध सुरू झाले. सर्व देशांचे कामगार मिळून युद्ध थांबवतील अशी त्याची आशा होती. ती धुळीस मिळाली. आपल्याच मतदारसंघात, अॅबरडेअर येथे, लोकांनी आरडाओरड करून त्याला बोलू दिले नाही. तो खचला, आणि 26 सप्टेंबर 1915 रोजी ग्लासगो येथे मरण पावला. वय एकोणसाठ.

वाचकहो, आपल्यापैकी फार थोड्यांचे कारखाने आहेत. पण घरी भांडी घासायला बाई येते, मंडळीचे आवार झाडणारा माणूस असतो, रात्री दारावर पहारेकरी उभा असतो. कधी त्याला यायला उशीर होतो. आपली प्रार्थना चालू असते, आणि तो दाराशी उभा असतो. त्या वेळी आपण त्याला आत बोलावून काय सांगतो, हे आपले आपणच पाहावे.