भाषांतरकाराची कन्या : पर्ल बक

चीनमध्ये यांगत्से नदीच्या काठी चिनकिआंग येथे अ‍ॅब्सलम सायडेनस्ट्रिकर हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी राहत असत. नव्या कराराचे मूळ ग्रीकवरून, सामान्य माणसाला कळेल अशा चिनी भाषेत भाषांतर करण्याचा त्यांना ध्यास होता. छपाईचा खर्च ते तुटपुंज्या घरखर्चातून काढीत. आवृत्तीमागून आवृत्ती निघे आणि पत्नी कॅरोलाइन पोटाला चिमटा घेऊन संसार चालवी. त्यांच्या सात अपत्यांपैकी तीनच जगली. त्यांतील एक पर्ल.

पर्ल यांचा जन्म २६ जून १८९२ रोजी अमेरिकेतील हिल्सबरो येथे झाला; परंतु तान्ह्या असतानाच त्या चीनला आल्या आणि दोन भाषांत वाढल्या. १९१७ साली शेतीतज्ज्ञ मिशनरी जॉन लॉसिंग बक यांच्याशी विवाह झाल्यावर आन्ह्वेइ प्रांतातील गरीब शेतकऱ्यांच्या घरांत त्यांचा वावर झाला. १९२० साली झालेल्या कन्येची बौद्धिक वाढ खुंटली. तिला अमेरिकेतील संस्थेत ठेवावे लागले आणि त्या खर्चाची चिंता हेही त्यांच्या लेखनामागील एक कारण होते.

१९३१ साली ‘द गुड अर्थ’ प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी वडील वारले. कादंबरीतील वँग लुंग हा चिनी शेतकरी पाश्चात्त्य वाचकाला प्रथमच आपल्यासारखा हाडामांसाचा माणूस वाटला. पर्लबाईंच्या मनात प्रसंग चिनी भाषेतच उमटत आणि मग त्या ते इंग्रजीत आणीत. म्हणजे हेही एक भाषांतरच! वडिलांचा वारसा असा आडवळणाने उतरला, असे या क्षेत्रात काम करणाऱ्या मला वाटते. १९३२ साली या कादंबरीला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्क येथील भाषणात त्यांनी परदेशी मिशनकार्याची परखड झडती घेतली. ज्यांना सुवार्ता सांगावयाची त्यांनाच तुच्छ लेखणारे, त्यांच्या संस्कृतीविषयी अनभिज्ञ असणारे मिशनरी त्यांनी जवळून पाहिले होते. मोठे वादळ उठले. सनातनी ईशज्ञानी ग्रेशम मेकन यांनी त्यांच्या मतांवर हल्ला चढविला आणि १९३३ साली त्यांनी मिशनचा राजीनामा दिला. त्यांचे ख्रिस्तविषयक विचार मला मान्य नाहीत. तथापि सिद्धांताच्या वादात त्यांची मूळ तक्रार मात्र बाजूला पडली, आणि ती खरी होती.

१९३६ साली त्यांनी आईवडिलांची दोन चरित्रे लिहिली. पित्याच्या भाषांतरापायी आईने सोसलेले त्यांनी झाकले नाही. पित्याचे धैर्यही झाकले नाही. १९३८ साली नोबेल पारितोषिक देताना या चरित्रांचाही गौरव झाला. साहित्यासाठी हा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री होत.

१९४९ साली भारतीय पिता व अमेरिकन माता असलेल्या एका बाळाला, रंगामुळे, कोणी दत्तक घेईना. पर्लबाईंनी त्याला घरी आणले आणि अशा मिश्रवंशीय मुलांसाठी ‘वेलकम हाउस’ ही संस्था काढली.

१९७२ साली त्यांनी चीनला जाण्याची परवानगी मागितली. ती नाकारण्यात आली. ६ मार्च १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. पेनसिल्व्हेनियातील त्यांच्या शेतावरील थडग्यावर ‘बक’ हे नाव नाही, इंग्रजी अक्षरही नाही. तेथे चिनी लिपीत केवळ त्यांचे माहेरचे नाव कोरलेले आहे.