चालीचा चित्रगुप्त : एत्येन-ज्यूल मारे

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा एक बालमित्र पुण्याहून घरी आला होता. बारावीनंतर आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. मी इतिहास घेऊन कला शाखेत रमलो आणि तो संगणकावर चित्रे हलविण्याची विद्या शिकू लागला. त्याने मोबाइलवर आपल्या वर्गातील एक चित्रफीत दाखविली. अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख घातलेला एक तरुण रिकाम्या दालनात चालत होता. त्याच्या खांद्यांवर, कोपरांवर, गुडघ्यांवर मण्यांएवढे चकचकीत गोळे चिकटविलेले होते. शेजारच्या पडद्यावर मात्र तो तरुण नव्हताच. नुसते ठिपके चालत होते. मित्र भराभर सांगत होता : हे मार्कर, मार्कर जोडून उभा राहतो तो स्केलेटन, हात आडवा आला की मार्कर दिसेनासा होतो ते ऑक्लूजन, मग सारा डेटा साफ करायचा आणि शेवटी ही चाल एखाद्या राक्षसाच्या अंगात भरायची. या सगळ्याचे नाव मोशन कॅप्चर. मी मान डोलावली, पण कळले थोडेच.

पुढे काही दिवसांनी आमच्या ग्रंथालयात छायाचित्रणाच्या इतिहासाचा एक जाडजूड ग्रंथ चाळत असता एका पानावर मी थबकलो. तोच पोशाख! पायांपासून डोक्यापर्यंत काळ्या कपड्यात गुंडाळलेला माणूस, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या, सांध्यांवर पांढरे ठिपके. शेजारी त्याच्या चालण्याचे चित्र, आणि त्यातही माणूस नव्हता. नुसत्या रेषांचा पंखा उलगडला होता. काळ मात्र १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांचा. ज्याने हे केले त्याचे नाव एत्येन-ज्यूल मारे. मित्राचे शब्द मला कळले ते या माणसाच्या चरित्रातून. म्हणून ते चरित्रच येथे सांगतो.

मारेचा जन्म ५ मार्च १८३० रोजी फ्रान्समधील बोन या गावी झाला. बर्गंडी प्रांतातील हे गाव द्राक्षमद्यासाठी प्रसिद्ध. त्याचे वडील त्याच व्यापारात होते. मुलाचे मन यंत्रांत रमे, त्याला इंजिनियर व्हायचे होते. वडिलांना तो डॉक्टर व्हायला हवा होता. शेवटी वडिलांचे ऐकून १८४९ मध्ये तो वैद्यकाच्या अभ्यासासाठी पॅरिसला आला. पण हाताची ओढ सुटली नाही. डॉक्टरकीत त्याने इंजिनियरिंग आणले आणि शरीराकडे तो यंत्र म्हणूनच पाहू लागला.

त्या काळी नाडी बोटांनी पाहत. वैद्याचे बोट जितके जाणते तितकेच निदान खरे. मारेला हे पुरेसे वाटेना. बोट विसरते, डोळा चुकतो; शरीराने आपली हकीकत स्वतःच लिहिली पाहिजे, हे त्याच्या मनाने घेतले. सुमारे १८६० मध्ये त्याने मनगटावर बांधायचे नाडीलेखक यंत्र तयार केले. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर एक हलकी तरफ वरखाली होई आणि तिचे टोक काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढी. पुढे ओगूस्त शोव्हो या शास्त्रज्ञाच्या साथीने त्याने घोड्याच्या हृदयाचे ठोकेही असेच लिहवून घेतले. १८६४ मध्ये त्याने पॅरिसमधील एका जुन्या नाट्यगृहाच्या इमारतीत आपली प्रयोगशाळा थाटली, आणि १८६९ मध्ये कोलेज द फ्रान्स या नामांकित संस्थेत तो प्राध्यापक झाला. माणसाच्या कृत्यांची नोंद ठेवणारा चित्रगुप्त आपल्या पुराणांत आहे. मारेने शरीराच्या हालचालींचा चित्रगुप्त होण्याचे व्रत घेतले.

मग आला घोडा. धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात की नाही, हा त्या काळचा मोठा वाद होता. मारेने घोड्याच्या खुरांखाली हवेने भरलेले रबराचे गोळे बसविले. खूर टेकला की हवा दाबली जाई, नळीतून स्वाराच्या हातातील यंत्रापर्यंत पोहोचे आणि तेथे रेघ उमटे. चारही रेघा एकाच वेळी कोऱ्या असतील तो क्षण घोडा हवेत असल्याचा. असे क्षण सापडले. हे सर्व त्याने १८७३ च्या आपल्या ग्रंथात मांडले. आजही अंगावर बारीक संवेदक बांधून, कॅमेऱ्याशिवाय हालचाल नोंदविण्याची एक पद्धत आहे. माझा मित्र ज्याला सेन्सर म्हणतो, त्याचा एक पूर्वज घोड्याच्या खुराखालचा तो रबरी गोळा.

कॅलिफोर्नियात लेलंड स्टॅनफर्ड या धनिकाला याच प्रश्नाने पछाडले होते. त्याच्यासाठी एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने १८७८ मध्ये पालो आल्टो येथे बारा कॅमेरे ओळीने मांडले आणि घोड्याच्या पायांनी दोरे तुटताच एकेक छायाचित्र निघेल अशी योजना केली. ती चित्रे त्याच वर्षाच्या अखेरीस मारेच्या पाहण्यात आली. त्याच्या रेघांनी जे सांगितले होते ते आता डोळ्यांना दिसत होते. योगायोग असा की हे दोघेही १८३० सालीच जन्मले आणि पुढे १९०४ च्या मे महिन्यातच दोघांचाही अंत झाला. १८८१ मध्ये मायब्रिज पॅरिसला आला तेव्हा मारेने आपल्या घरी त्याचा सत्कार केला. परंतु मारेच्या शास्त्रीय नजरेला एक उणीव खुपत होती. मायब्रिजच्या दोन चित्रांमधील वेळ समान नव्हता. आणि वेळ ठाऊक नसेल तर वेग मोजायचा कसा?

म्हणून १८८२ मध्ये त्याने छायाचित्रांची बंदूक केली. खरोखरच बंदुकीचा घाट : दस्ता, नळी, चाप. चाप ओढला की आतली गोल काच थांबत थांबत फिरे आणि एका सेकंदात बारा चित्रे उमटत. प्रत्येकासाठी प्रकाश मिळे सेकंदाचा ७२० वा भाग. हिवाळ्यात तो नेपल्सजवळ राहत असे. तेथे पक्ष्यांवर नेम धरून एकही पक्षी न पाडणाऱ्या या गृहस्थाला लोक खुळा समजत, अशी आख्यायिका आहे. समान अंतराने घेतलेले एक चित्र म्हणजे आजची एक फ्रेम, आणि सेकंदाला किती फ्रेम हा हिशेब म्हणजे फ्रेम रेट. वेळेचा हा कडक हिशेब मोशन कॅप्चरच्या मुळाशी आहे.

त्याच वर्षी सरकार व पॅरिस नगरपालिका यांच्या साहाय्याने शहराच्या कडेला, बुलोन्यच्या वनराईजवळ, मारेचे शरीरक्रिया स्थानक उभे राहिले. तेथे गोल धावपट्टी होती आणि आतून काळी केलेली एक खोल पडवी होती. पांढऱ्या कपड्यांतला माणूस या काळोखापुढून चाले; कॅमेऱ्यापुढे खाचा पाडलेली तबकडी फिरे; आणि एकाच काचेवर त्याच्या चालण्याच्या अनेक अवस्था शेजारी शेजारी उमटत.

येथे खरी अडचण आली. चित्रे कमी घेतली तर मधली हालचाल निसटे. जास्त घेतली तर एकावर एक चढून पांढरा गोंधळ होई. मांडी कोणती आणि पोटरी कोणती हे उमगेना. दुसरा एखादा असता तर त्याने कॅमेरा बदलला असता. मारेने माणूस बदलला. नव्हे, माणूस पुसला. त्याने चालणाऱ्याला काळा पोशाख चढविला, तोंडही काळ्याने झाकले, आणि हातापायांच्या हाडांच्या दिशेने पांढऱ्या पट्ट्या व सांध्यांवर ठिपके लावले. काळ्यापुढे काळे दिसेनासे झाले. राहिल्या त्या रेषा आणि बिंदू, आणि आता कितीही चित्रे घेतली तरी गोंधळ होईना. पाऊल टाकताना गुडघा किती वाकतो, खांदा किती वर उचलला जातो, हे पट्टी ठेवून मोजता येऊ लागले.

माझ्या मित्राचे शब्द मला येथे उलगडले. मार्कर म्हणजे सांध्याची खूण. कॅमेऱ्याने पाहावे ते एवढेच. आजच्या पद्धतीत कॅमेऱ्याभोवतीचे दिवे प्रकाश टाकतात आणि गोळे तो आल्या वाटेने परत पाठवितात, तत्त्व तेच. स्केलेटन म्हणजे खुणा जोडून मिळालेला सांगाडा. तो खरा हाडांचा नव्हे, मारेच्या पट्ट्यांसारखा मानलेला. ऑक्लूजनही मारेला भेटले होते. दूरचा हात धडामागे जाई, जवळचा पाय दूरच्या पायावरून जाई. म्हणून कित्येकदा तो कॅमेऱ्याकडची एकच बाजू खुणांनी दाखवी आणि दुसरी काळीच ठेवी. एका कॅमेऱ्याला बिंदूची दिशा कळते, अंतर कळत नाही; म्हणून आज एकाच दालनात अनेक कॅमेरे लावतात. मारेच्या हयातीतच, १८९० नंतरच्या दशकात, लाइपझिगच्या ब्राउने व फिशर या शास्त्रज्ञांनी सैनिकाच्या अंगावर विजेने उजळणाऱ्या नळ्या बांधून अनेक बाजूंनी चित्रे घेतली. स्वतः उजळणाऱ्या खुणेला आज ॲक्टिव्ह मार्कर म्हणतात, दुसऱ्याचा प्रकाश परतविणारीला पॅसिव्ह. त्यांना एकेक पाऊल हाताने गणित करून काढावे लागले. संगणकाने बदलले ते हे गणित; कल्पना तीच राहिली.

पक्ष्यांसाठी तर मारे आणखी पुढे गेला. उडणाऱ्या समुद्रपक्ष्याची चित्रे त्याने बाजूने, समोरून आणि वरून अशी तीन दिशांनी घेतली, त्यांवरून उड्डाणाच्या एकेका अवस्थेच्या मूर्ती घडविल्या आणि १८८७ च्या सुमारास त्या एका फिरत्या नळकांड्यात बसविल्या. फटीतून पाहिले की पक्षी उडे. त्रिमितीय ॲनिमेशनची इतकी जुनी दुसरी जात मला तरी ठाऊक नाही.

येथे आणखी दोन शब्दांचा भेद सांगतो. चित्रकार महत्त्वाच्या अवस्था काढतो आणि मधल्या नंतर भरल्या जातात, त्या महत्त्वाच्या अवस्था म्हणजे कीफ्रेम. त्यांत निवड कलावंताची असते. मारेच्या रीतीत निवड नाही. घड्याळ सांगेल तो प्रत्येक क्षण सारखाच. या दोहोंच्या मध्ये रोटोस्कोप येतो. मॅक्स फ्लायशर याने १९१५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. विदूषकाच्या वेषातील आपल्या भावाच्या चित्रपटावरून, एकेक फ्रेम काचेवर टाकून, तो रेषा गिरवी.

आता या चरित्रातील दुखरी जागा. स्थानकाचे रोजचे काम पाहणारा आणि त्या चित्रांत अनेकदा स्वतः चालणारा माणूस होता जॉर्ज देमेनी, मारेचा सहायक. १८९१ मध्ये त्याने स्वतःच्या चेहऱ्याची चित्रे घेतली. बहिऱ्या मुलांना ओठांवरून बोलणे कळावे म्हणून छोटी वाक्ये उच्चारताना तोंड कसे हलते ते त्याने टिपले आणि पुन्हा हलवून दाखविले. आज ज्याला फेशियल कॅप्चर म्हणतात त्याचे बीज येथे आहे. धनी चेहरा झाकत होता आणि सहायक तो उघडत होता! देमेनीला हा शोध लोकांपुढे न्यावा, त्यावर व्यवसाय उभारावा असे वाटे. मारेला ते मान्य नव्हते. मतभेद विकोपाला गेले आणि १८९४ मध्ये देमेनीला स्थानक सोडावे लागले. पुढच्याच वर्षी ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून चित्रपट दाखविला.

मारेला त्याची खंत वाटल्याचे दिसत नाही. कागदाच्या आणि मग सेल्युलॉइडच्या सरकत्या पट्टीवर त्याने १८८८ पासूनच चित्रे घेतली होती. पण डोळ्याला एरवी दिसते तेच पडद्यावर पुन्हा दाखविण्यात त्याला रस नव्हता. डोळ्याला दिसत नाही ते त्याला हवे होते. १८९४ मध्ये त्याने उलटे सोडलेले मांजर हवेत वळून पायांवर कसे पडते ते टिपले. अखेरच्या वर्षांत तर तो काचेच्या पेटीत धुराच्या बारीक धारा सोडून, आडव्या वस्तूभोवती हवा कशी वळते, याची छायाचित्रे घेत होता. १९०४ मध्ये तो पॅरिसमध्ये वारला. त्याच्या नावाची संस्था ज्या जागी होती, तेथे आज रोलाँ गारोसचे टेनिस मैदान पसरले आहे.

त्याच्या रेषांचे पुढे काय झाले ते मात्र कलेच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. मार्सेल द्युशाँ याने १९१२ मध्ये जिना उतरणारी आकृती रंगविली, तिच्यामागे मारेची कालछायाचित्रे होती. शास्त्रज्ञाने मोजण्यासाठी माणूस पुसला आणि चित्रकाराला त्या पुसण्यातच नवे सौंदर्य दिसले.

या सर्वांतून मला एक गोष्ट कळली. या विद्येतील प्रत्येक शब्द म्हणजे काय ठेवायचे आणि काय टाकायचे याचा निवाडा आहे. मार्कर ठेवतो सांधा, टाकतो कातडी. स्केलेटन ठेवतो चाल, टाकतो चेहरा. टाकल्यावाचून मोजता येत नाही, हे मारेचे म्हणणे खरेच. पण टाकलेले पुन्हा विचारायला येते. २००२ मध्ये पडद्यावर आलेल्या गॉलम या पात्रामागे अँडी सर्किस हा नट होता. त्या अभिनयाचे श्रेय नटाचे की संगणकावर बसलेल्या चित्रकारांचे, हा वाद तेव्हा रंगला. देमेनीचा प्रश्नच जणू शंभर वर्षांनी परत आला.

हा लेख लिहून झाल्यावर मी मित्राला फोन केला. त्या चित्रफितीतला काळ्या पोशाखातला मुलगा कोण, एवढेच विचारले. नाव आठवायला त्याला जरा वेळ लागला. पण आठवले, आणि वर्षअखेरीच्या आपल्या कामात श्रेयनामावलीत ते घालायचे राहिले होते, ते आता घालतो, असे तो आपण होऊन म्हणाला.