लेबल लावायला विसरलेला शास्त्रज्ञ

माझ्या लॅपटॉपवर ‘फायनल’ आणि ‘फायनल २’ अशा दोन फाइल आहेत. कशात काय आहे, ते उघडल्याशिवाय मलाही कळत नाही. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांच्याबद्दल वाचलं तेव्हा म्हणूनच हायसं वाटलं. त्यांनी स्पिरिटमध्ये दोन भ्रूण ठेवले आणि लेबल लावायला विसरले. नंतर बघतात तर ते सरड्याचे, पक्ष्याचे की सस्तन प्राण्याचे, त्यांनाच ओळखेना! सुरुवातीला सगळ्यांचे भ्रूण सारखे दिसतात, वेगळेपण नंतर येतं, हा त्यांचा सिद्धांत पटवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

बेअर यांचा जन्म 1792 चा, आजच्या एस्टोनियातला. शिकले डॉक्टरकी, पण रमले सूक्ष्मदर्शकात. पुढे कोनिग्सबर्ग विद्यापीठात असताना ते उबवणीतली अंडी एकामागून एक उघडून पिल्लाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपत गेले. गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी, म्हणजे उल्ब, कशी तयार होते तेही त्यांनी बारकाईने मांडलं. कोंबडीत गर्भाच्या चारही बाजूंनी पातळ पडद्याच्या घड्या वर येतात, पाठीवर एकमेकींना भेटतात आणि जुळतात. आत द्रव साठतो. गर्भ त्यात तरंगतो; तो सुकत नाही आणि धक्काही थेट बसत नाही. आपल्या मोबाइलच्या कव्हरला हे जमणार नाही!

1827 मध्ये त्यांनी सस्तन प्राण्याच्या बीजांडाचा शोध प्रसिद्ध केला. ते त्यांना एका कुत्रीच्या अंडाशयात सापडलं होतं.

पण मला लक्षात राहिला तो वेगळाच प्रसंग. एका वर्षी ते बर्फ असताना घरात कामाला बसले, ते बाहेर पडले तेव्हा शेतात राय कणसावर आली होती. अख्खा वसंत हातातून गेला होता. त्यांना रडू कोसळलं. निसर्गाचे नियम आज ना उद्या कुणीतरी शोधेलच, त्यासाठी जगणं का घालवायचं, असं त्यांना वाटलं. आणि तरीही पुढच्या वर्षी ते तसेच कामाला बसले.

1834 मध्ये मात्र ते सेंट पीटर्सबर्गला गेले आणि त्यांचं भ्रूणांवरचं काम मागे पडलं. मोठ्या ग्रंथाचा दुसरा भाग 1837 मध्ये अपुराच छापला गेला. त्यानंतर ते आर्क्टिकमध्ये फिरले, कॅस्पियन समुद्रातली मासेमारी अभ्यासली. 1876 मध्ये ते वारले. पुढे एस्टोनियाच्या 2 क्रूनच्या नोटेवर त्यांचा चेहरा आला.

रिलीजच्या आठवड्यात मीही खिडकी उघडायला विसरतो. आता राय आठवते. मग पाच मिनिटं का होईना, बाहेर जाऊन येतो.