परतणाऱ्या तापाचा माग

‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ हे नाव डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षातच कानावर पडते. १८५८ साली लंडनमध्ये निघालेल्या या ग्रंथाचे यश मजकुराइतकेच त्यातल्या चित्रांचे आहे. मोठी, स्वच्छ चित्रे आणि प्रत्येक स्नायूचे, शिरेचे नाव थेट त्या भागावरच लिहिलेले. ही चित्रे काढली हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी. ग्रंथ दुकानांत आला तेव्हा मात्र ते मुंबईत होते आणि रजेचा काळ सोडला तर पुढची तीस वर्षे त्यांनी इकडच्याच रुग्णांमध्ये काढली.

कार्टर १८३१ साली इंग्लंडमधील हल शहरात जन्मले. वडील समुद्राची चित्रे रंगवणारे नावाजलेले चित्रकार. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये शिकताना त्यांची हेन्री ग्रे यांच्याशी गाठ पडली. ग्रंथाच्या दर हजार प्रतींमागे ग्रे यांना मानधन ठरले, कार्टर यांना एकदाच १५० पौंड. शीर्षकपान छापायला जाण्याआधी ग्रे यांनी कार्टर यांचे नाव आणखी लहान अक्षरांत टाकायला लावले. ग्रे १८६१ मध्ये देवीच्या रोगाने तरुणपणीच गेले, पण ग्रंथ आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. कार्टर यांनी लंडनमधून एक गोष्ट मात्र पक्की शिकून आणली होती, ती म्हणजे सूक्ष्मदर्शक चालवणे.

मुंबईत ते ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवू लागले आणि शेजारच्या जे. जे. रुग्णालयात रुग्ण पाहू लागले. तिथे त्यांना एक विचित्र पाऊल भेटले. अनवाणी शेतात राबणाऱ्या माणसाच्या पायात काटा मोडतो, पुढे गाठ येते, वर्षानुवर्षे पाऊल सुजत जाते, त्याला भोके पडतात आणि त्यांतून पाण्यासारख्या स्रावाबरोबर बारीक दाणे बाहेर येतात. दक्षिणेत या रोगाला ‘मदुरा फूट’ म्हणत. शेवटी पाय कापणे एवढाच इलाज होता. कापलेला पाय एरवी फेकूनच दिला जायचा. कार्टर तो चिरून, दाणे वेगळे काढून काचेखाली धरू लागले. काही दाणे बंदुकीच्या दारूसारखे काळे, तर काही माशाच्या गाभोळीसारखे फिकट. त्यांत त्यांना बुरशीचे तंतू दिसले आणि त्यांनी या रोगाला ‘मायसेटोमा’ हे नाव दिले. फिकट दाण्यांमागे पुष्कळदा बुरशीऐवजी जिवाणू असतात, हे नंतर कळले. दोन्हींची औषधे अगदी वेगळी आहेत. त्यामुळे दाण्याचा रंग पाहणे ही या रोगाच्या निदानाची पहिली पायरी आजही मानली जाते.

१८६३ पासून सुमारे नऊ वर्षे ते साताऱ्याचे सिव्हिल सर्जन होते. जिल्ह्याच्या ठिकाणी राहूनही त्यांनी कुष्ठरोग आणि मायसेटोमाचा अभ्यास सोडला नाही. मग लांब रजा घेऊन ते नॉर्वेला गेले. तिथे आर्माउअर हॅन्सन यांनी १८७३ मध्येच कुष्ठाच्या गाठींत दंडाकार जंतू पाहिले होते. कुष्ठ हा रक्तातून, पिढीजात येणारा रोग, अशीच समजूत सगळीकडे होती, त्या वेळी कार्टर हे नवे पुरावे घेऊन हिंदुस्थानात परतले.

त्यांचे सर्वांत मोठे काम मात्र दुष्काळाने पुढ्यात आणून टाकले. १८७६ च्या पावसाने दख्खनला दगा दिला. उपाशी कुटुंबे चालत मुंबईकडे लोटली. १८७७ मध्ये या लोकांमध्ये तापाची साथ पेटली. अचानक थंडी वाजून सणसणीत ताप चढायचा, पाच-सात दिवस टिकायचा आणि मग दरदरून घाम येऊन एकदम उतरायचा. रुग्ण उठून बसायचा, जेवायचा. आठवड्याभराने ताप पुन्हा हजर. अशा तापाला मलेरियाच्याच जातीचा समजून क्विनीन देण्याची रीत होती. त्याचा इथे उपयोग नव्हता.

बर्लिनमध्ये ओटो ओबरमायर यांनी परतणाऱ्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात नागमोडी, वळवळणारे धागे पाहिले होते. १८७३ मध्ये ते प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी ते पटकीने वारले. कार्टर यांनी मुंबईच्या रुग्णांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि तेच धागे त्यांना दिसले. तांबड्या पेशींना धक्के देत ते इकडून तिकडे पळत होते. पण यात एक मेख होती. ताप चढलेला असताना घेतलेल्या रक्तात हे जंतू सापडत, घाम येऊन ताप उतरला की गायब होत. चुकीच्या दिवशी थेंब घेतला तर निदान हुकलेच. म्हणून तापाचा आलेख आणि काचेवरचे रक्त एकमेकांशेजारी ठेवून वाचायचे, ही शिस्त त्यांनी घातली. पुढे माकडांना रुग्णाचे रक्त टोचून त्यांनी तोच ताप आणून दाखवला. त्यांना स्वतःलाही हा ताप झाला, पण ते त्यातून वाचले. १८८२ मध्ये या तापावरचा त्यांचा ग्रंथ निघाला. औषध त्यांच्या हाती नव्हते. पण बरा वाटणारा रुग्ण घरी पाठवायचा की आठवडाभर ठेवून घ्यायचा, हे आता सांगता येत होते.

१८८७ च्या सुमारास त्यांना मुंबईतल्या एका उंदराच्या रक्तात आणखी एक आखूड नागमोडी जंतू दिसला. उंदीर चावल्यावर येणाऱ्या तापाचे एक कारण तोच आहे, हे जपानमध्ये सिद्ध व्हायला सुमारे तीन दशके लागली. त्याच सुमारास लाव्हेरां यांनी सांगितलेले मलेरियाचे परजीवीही त्यांनी इथल्या रुग्णांत ओळखले. गंमत म्हणजे रोनाल्ड रॉस यांना हिंदुस्थानात बरीच धडपड करूनही ते सापडले नव्हते; १८९४ मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी दाखवल्यावर त्यांची खात्री पटली.

कार्टर १८८८ मध्ये निवृत्त होऊन स्कारबरोला परतले आणि १८९७ मध्ये क्षयाने गेले. परतणारा ताप एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेमका कसा जातो, हे कोडे मात्र त्यांच्या हयातीत सुटले नाही. ते सुटायला आणखी दहा वर्षे लागली. १९०७ मध्ये नाशिकजवळच्या एका मिशन वसाहतीत मुलांमध्ये हाच ताप पसरला. मुलींपेक्षा मुलगे जास्त आजारी पडत होते आणि त्यांच्या कपड्यांत उवाही जास्त होत्या. डॉ. मॅकी यांनी त्या उवा काचेखाली धरल्या, तेव्हा त्यांच्या पोटात तेच नागमोडी जंतू होते. त्या जंतूला कार्टर यांचेच नाव देण्यात आले.