देवळालीचे संख्यावेडे मास्तर

ऑक्टोबर २०२४ मध्ये आजवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या सापडली. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात काढून त्यातून १ वजा केला की ती मिळते. तिच्यात चार कोटी दहा लाखांहून अधिक अंक आहेत आणि १ व ती स्वतः सोडून तिला कोणीही निःशेष भागत नाही. या शोधासाठी अनेक देशांतले शक्तिशाली संगणक राबत होते.

३१ ही याच कुळातली धाकटी बहीण. २ चा पाचवा घात ३२, त्यातून १ गेला की ३१. पण ३१ मध्ये आणखी एक गुण आहे. तो दाखवून देणाऱ्या मास्तरांकडे संगणक नव्हता.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. आठव्या वर्षी आई गेली. ठाण्यात शाळा आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण झाले. १९२९ मध्ये पदवी घेऊन ते १९३० पासून देवळालीच्या शाळेत शिकवू लागले आणि १९६२ मध्ये तिथूनच निवृत्त झाले.

कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यातच तिच्या अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४ येतात. म्हणजे २१ ही २४ ची जनक. ३१ ला मात्र असा जनकच नाही. अशा संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटले. ४२ सुद्धा स्वयंभू आहे, पण मूळ नाही.

मूळ संख्या कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी मूळच राहते. स्वयंभूपण मात्र आपल्या दशमान लेखनावर अवलंबून आहे. म्हणूनच अनेक गणितज्ञांना मास्तरांचे काम म्हणजे पोरखेळ वाटला. त्यांनी पदरचे पैसे घालून पुस्तिका छापल्या. चार अंकांवरून ६१७४ पर्यंत नेणारा त्यांचा शोधही असाच उपेक्षित राहिला. १९६६ मध्ये पत्नी गेली. पेन्शन पुरेना, म्हणून ते शिकवण्या घेत. १९७५ मध्ये अमेरिकेतले लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. तेव्हा त्यांचे वय सत्तर होते. १९८६ मध्ये ते वारले.

सरकारी दवाखान्यात काम करताना साधने नाहीत, हे वाक्य मीही अनेकदा उच्चारले आहे. रुग्णाच्या उपचाराबाबत ती तक्रार खरी असते आणि ती केलीच पाहिजे. पण निरीक्षण आणि नोंद यांना यंत्र लागत नाही. तिथे माझी सबब टिकत नाही, हे कापरेकरांचे आयुष्य वाचल्यावर मला मान्य करावे लागले.

सानगडीच्या मुलामुलींनी आज ५३ आणि ९७ तपासून पाहाव्यात. दोन्ही मूळ आहेत. त्यांना जनक सापडतो का?