ग. दि. माडगूळकर

गजानन दिगंबर माडगूळकर ऊर्फ गदिमा (१ ऑक्टोबर १९१९, शेटफळे – १४ डिसेंबर १९७७, पुणे) हे मराठी कवी, गीतकार, पटकथाकार, कथाकार आणि अभिनेते होते. 'गीतरामायणा'चे कवी म्हणून ते सर्वपरिचित आहेत. गुन्हेगारातील माणूस शोधणाऱ्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या हिंदी चित्रपटाचे लेखनही त्यांचेच होय.

जन्म आणि शिक्षण

माडगूळकरांचे मूळ गाव आटपाडी तालुक्यातील माडगूळे. दुष्काळी माणदेशातील गरिबीत त्यांचे बालपण गेले. कथाकार व्यंकटेश माडगूळकर हे त्यांचे धाकटे बंधू. औंध संस्थानात त्यांचे शिक्षण झाले. परंतु गणिताने दगा दिल्यामुळे ते मॅट्रिक उत्तीर्ण होऊ शकले नाहीत. उपजीविकेसाठी त्यांनी कोल्हापूरच्या चित्रसृष्टीची वाट धरली. 'ब्रह्मचारी' (१९३८) या चित्रपटात त्यांनी किरकोळ भूमिका केली.

चित्रपटलेखन

'रामजोशी' (१९४७) या चित्रपटाने माडगूळकरांना लेखक म्हणून प्रतिष्ठा मिळवून दिली. गांधीहत्येनंतर १९४८ साली उसळलेल्या जाळपोळीत माडगूळ्याचे त्यांचे घर भस्मसात झाले.

पुढे दिग्दर्शक राजा परांजपे आणि संगीतकार सुधीर फडके यांच्यासह त्यांनी अनेक चित्रपट केले. 'लाखाची गोष्ट' (१९५२) आणि 'पेडगावचे शहाणे' (१९५२) या विनोदी चित्रपटांत मोठ्या खर्चाच्या देखाव्यापेक्षा कथा आणि संवाद यांवर भर होता. 'जगाच्या पाठीवर' (१९६०) या चित्रपटात हसू आणि कारुण्य शेजारी नांदतात. त्यातील भोळ्या नायकाला तुरुंगवास घडतो आणि तेथे हातमागावर बसून तो आयुष्याच्या सुखदुःखांचा हिशेब गाण्यातून मांडतो.

स्वतंत्रपूर आणि 'दो आँखें बारह हाथ'

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेनुसार आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली बंदीवसाहत सुरू केली. तेथे कैद्यांना भिंतींवाचून, कुटुंबासह राहून शेती करण्याची मुभा होती. माडगूळकरांच्याच मुलखातील हा प्रयोग त्यांच्या पटकथेचा आधार ठरला. घर जळाल्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी पडद्यावर आलेली ही कथा सहा खुन्यांवर विश्वास टाकण्याची होती.

व्ही. शांताराम यांनी चित्रपटाचे दिग्दर्शन केले आणि आदिनाथ या जेलरची भूमिकाही केली. आदिनाथ सहा कैद्यांना ओसाड जमिनीवर नेतो आणि त्यांच्याकडून ती पिकवून घेतो. जेलरचे दोन डोळे आणि कैद्यांचे बारा हात, असा शीर्षकाचा अर्थ आहे. पळून जाण्याची संधी असतानाही कैद्यांना रोखून धरते ती त्या डोळ्यांची आठवण. खेळणी विकणाऱ्या चंपाच्या प्रसंगांमुळे गंभीर कथेत विनोदाचा ओलावा येतो. चित्रपटाला राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल हा पुरस्कारही लाभला.

अन्य कार्य आणि सन्मान

१९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या 'गीतरामायणा'त ५६ गीते आहेत. माडगूळकर महाराष्ट्र विधान परिषदेचे सदस्य होते. त्यांना १९६९ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७३ मध्ये यवतमाळ येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. स्वतंत्रपूरची खुली वसाहत सांगली जिल्ह्यात आजही चालू आहे.